नामदेवगाथेतील गावकरी
(नरसी येथे भरलेल्या वार्षिक ज्ञातिमेळाव्यातील व्याख्यान)



श्रीनामदेवरायांच्या गावी, कयाधूच्या काठी उभे राहून नामदेवरायांविषयी बोलावयाचे, म्हणजे सोनाराच्या पेढीवर बसून सोन्याची पारख सांगण्यासारखे आहे. शके ११९२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२७० साली, दामाशेटी आणि गोणाई यांच्या पोटी हे रत्न जन्मास आले, इतके आपणां सर्वांस तोंडपाठ आहे. हा जन्म नरसीस झाला की पंढरपुरास, याविषयी विद्वानांत वाद आहे. परंतु तो वाद आज येथे उकरून काढण्याचे धाडस मी करणार नाही, निदान नरसीच्या मातीत उभा असताना तरी नाही!

व्याख्यानाचा विषय चिटणीसांनी मजवरच सोपविला, हे त्यांचे सौजन्य. दरवर्षी आपण नामदेवांची थोरवी ऐकतो आणि ती ऐकावी तितकी थोडीच. पण गाथा वाचताना माझ्या मनात गेली काही वर्षे एक निराळाच विचार घोळत आहे. या ग्रंथात देव आहे, भक्त आहे; तसेच गावही आहे. भक्ताच्या अवतीभोवती उभे असलेले पुजारी, शेजारी, पंच, घरधनी, सासवासुना, वेठीला माणसे लावणारे अधिकारी या सर्वांची गर्दी गाथेत आहे, आणि आपण कीर्तन ऐकताना तिच्याकडे पाहत नाही. ही माणसे दुष्ट नाहीत. प्रत्येकाने आपापल्या पुरते पाहिले, आपली प्रतिष्ठा, आपली मिळकत, आपली झोप सांभाळली, इतकेच. त्यातून पुढे काय झाले, ते आज आपण पाहू.

आरंभी ग्रंथाविषयी दोन शब्द. नामदेवांच्या सातशेव्या जयंतीच्या निमित्ताने महाराष्ट्र शासनाने १९७० साली ‘श्री नामदेव गाथा’ प्रसिद्ध केली. ज्या संग्रहांना आपण नामदेवगाथा म्हणतो, त्यांत एकट्या नामदेवांचेच अभंग असतात असे नाही; घरच्या माणसांचे आणि जनाबाईंचे अभंगही त्यांत सामान्यतः आढळतात. शिवाय ‘नामा’ ही मुद्रा असलेली सर्वच रचना एका हातची नव्हे. विष्णुदासनाम्यासारख्या पुढच्या काळातील कवींच्या रचना तीत मिसळल्या आहेत, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. म्हणून मी जे सांगणार आहे ते इतिहासाचा कागद म्हणून नव्हे, तर गाथा आणि तिच्याभोवती वाढलेली संतपरंपरा आपल्याला जे सांगत आली ते म्हणून, असे श्रोत्यांनी समजावे.

प्रथम आळंदीस जाऊ. ज्ञानदेवांचे चरित्र सांगणारी आदि, तीर्थावळी आणि समाधी ही तीन प्रकरणे नामदेवांच्या नावावर आहेत. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले, आणि आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकले, ही कथा आपण जाणतोच. पुढे आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त म्हणून प्रयागास देह ठेवला असे परंपरा सांगते. मुलांना पैठणास जाऊन शुद्धिपत्राची याचना करावी लागली.

हे सारे शास्त्राच्या नावाने झाले. पण शास्त्रार्थ करणारे किती असतील? चार, फार तर सहा. उरलेले गाव काय करीत होते? मला वाटते, ते आपापल्या मुलींची लग्ने मोजीत होते. आज मी विठ्ठलपंतांच्या ओटीवर बसलो, तर उद्या माझ्या पंक्तीस कोण बसेल, हा एकच हिशेब घरोघर झाला असावा. या हिशेबात कोणाविषयी द्वेष असण्याची गरज नसते, आणि म्हणूनच तो करताना मनास टोचत नाही. परिणाम मात्र असा झाला की चारही भावंडे अविवाहित राहिली. ज्ञानदेवांनी १२९६ साली, ऐन एकविशीत, समाधी घेतली. मागोमाग भावंडेही गेली आणि ते कूळ तेथेच संपले. ज्या आळंदीने या घराला पाणी तोडले, तिचे नाव आज साऱ्या महाराष्ट्राच्या मुखी आहे ते त्याच घरामुळे. त्या वेळच्या पंचांपैकी एकाचेही नाव आपल्याला घेता येत नाही.

ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर बहिष्काराचा विषय निघाला की थोडी चुळबूळ होते, हे मला ठाऊक आहे. मुंबई राज्याने १९४९ साली ज्ञातिबहिष्काराविरुद्ध कायदा केला; १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला; आणि महाराष्ट्रास २०१६ साली सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा नवा कायदा करावा लागला, तो २०१७ पासून अमलात आला. ज्ञानदेवांच्या भूमीत सातशे वर्षांनी असा कायदा लागावा, यावरून आळंदीचा तो हिशेब अद्यापि बंद झालेला नाही असे दिसते. आपल्या संघाने कोणास वाळीत टाकले असे मी म्हणत नाही. परंतु ज्ञातीबाहेर लग्न केलेल्या मुलीचे नाव निमंत्रणपत्रिकेच्या यादीतून गळते, तेव्हा ते कोणी गाळले असे विचारल्यास कोणीच पुढे येत नाही. आळंदीतही बहुधा असेच झाले असेल.

त्याच आळंदीत विसोबा नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी या पोरक्या भावंडांचा छळ मांडला होता. मुक्ताबाईस मांडे भाजावयास कुंभाराकडून परळ मिळू नये अशी त्यांनी व्यवस्था केली, तेव्हा ज्ञानदेवांनी आपली पाठच तापवून दिली, अशी कथा आहे. ती पाहून विसोबांचा अभिमान गळाला आणि त्यांनी भावंडांच्या उष्ट्याला हात घातला. पुढे हेच विसोबा खेचर म्हणून नामदेवांचे गुरू झाले. आपल्या नामदेवरायांना ज्ञान दिले ते कोणी जन्मसिद्ध महात्म्याने नव्हे, तर एका पोरक्या मुलीला मडके मिळू न देणाऱ्या गावकऱ्याने! मला ही गोष्ट गाथापरंपरेतील फार मोठ्या मनाची वाटते.

आणि नामदेवांना गुरूकडे जावे लागले ते तरी कशामुळे? तेरढोकीस गोरोबाकाकांनी संतमंडळींची मडकी थापटीने पारखली, आणि नामदेव हे कच्चे मडके ठरले. देव माझ्याशी बोलतो, मला निराळ्या गुरूची काय गरज, असा सूक्ष्म अभिमान त्यांच्या ठायी होता. आपल्या ज्ञातीच्या सभांत हा प्रसंग सहसा कोणी सांगत नाही. मी सांगतो, कारण तो नामदेवांच्या परंपरेने लपवून ठेवला नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातले औंढा. नागनाथाच्या देवळात नामदेव कीर्तनास उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांस हाकलून मागील बाजूस जावयास लावले. आणि देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले. ही कथा मराठीपुरती नाही. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, त्यांत भैरव रागातील एका पदात हाच प्रसंग आहे. त्या पदात स्थळाचे नाव नाही, पण भावना स्पष्ट आहे. हसत खेळत मी दारी आलो असता पूजा करताना मला धरून उठविले. मला छिंप्याच्या कुळी जन्म का दिलास, असा प्रश्न नामदेव तेथे देवास करतात आणि घोंगडी उचलून देवळामागे जाऊन बसतात. पंजाबातील घुमान येथे नामदेवांचे वास्तव्य झाले. तेथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अनेकांना या पदांची नव्याने ओळख झाली. नरसीतही आज शीख बांधवांचा गुरुद्वारा उभा आहे, तो आपण येताना पाहिलाच असेल.

देऊळ फिरले की नाही, असे मला एका विद्यार्थ्याने विचारले होते. मी म्हटले, दगड हलला की नाही हे मला सांगता येणार नाही. पण पुजाऱ्यांचे काय झाले ते पाहा. त्यांना शिक्षा झाली नाही. त्यांचे घंटा, दिवा, दक्षिणा, सारे होते तेथेच राहिले. केवळ देवाचे तोंड दुसरीकडे झाले आणि ते पाठीकडे उभे राहिले. ज्या जागेसाठी त्यांनी दुसऱ्याला ढकलले, तीच जागा मागची ठरली.

पण सर्वांत दारुण कथा मंगळवेढ्याची आहे. चोखोबा हे नामदेवांच्या संतमंडळीतले. मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीचे काम चालले होते आणि त्या कामावर इतर मजुरांबरोबर चोखोबाही होते. शके १२६०, म्हणजे १३३८ साली ती भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गाडले गेले. पुढे नामदेव तेथे गेले, ढिगाऱ्यातून अस्थी शोधल्या, ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटला ती चोखोबांची म्हणून ओळखली, आणि पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी केली.

आपण या कथेत हाडांतून येणाऱ्या नामावर थांबतो आणि डोळे पुसतो. मी तुम्हांस भिंतीपाशी थांबावयास सांगतो. गावकूस कशासाठी असते? आत राहणाऱ्यांच्या रक्षणासाठी. चोखोबांची वस्ती कोठे? कुसाबाहेर. म्हणजे जी भिंत त्यांचे कधीच रक्षण करणार नव्हती, ती उभारण्यास त्यांना लावले होते. मंगळवेढ्याच्या सावकारांना, वतनदारांना परचक्राचे भय होते. ते भय खरे होते, खोटे नव्हते. यादवांचे राज्य जाऊन दिल्लीच्या सुलतानांचा अंमल महाराष्ट्रावर बसल्यास तेव्हा पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. पण आपल्या भयाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर द्यावयाचे आणि त्याला मात्र त्या आडोशात घ्यावयाचे नाही, ही निवड गावाने केली. ढिगाऱ्याखाली आणखी किती मेले, त्यांची नावे काय, हे कोणी लिहून ठेवले नाही. चोखोबांच्याबरोबर गाडलेल्यांची हाडे मुकी होती, म्हणून ती तेथेच राहिली.

आणि नामदेवांनी आणलेल्या अस्थी तरी कोठे ठेविल्या गेल्या? महाद्वाराबाहेर. आत नाही. चोखोबांची समाधी दाराशी आणि चोखोबांचे वंशज दाराबाहेर, ही स्थिती सहाशे वर्षांहून अधिक काळ टिकली. १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले, तेव्हा विठ्ठलमंदिर हरिजनांस मोकळे झाले. नामदेवांची पायरी आणि चोखोबांची समाधी महाद्वारी समोरासमोर आहेत. पायरीवर मस्तक टेकून आपण वर चढतो. पाठीमागे वळून पाहणारे थोडे. चोखोबांचे पुत्र कर्ममेळा यांनी देवालाच जाब विचारणारे अभंग लिहिले आहेत, पत्नी सोयराबाई आणि बहीण निर्मळा यांचेही अभंग आहेत. आपल्या सप्ताहात ते म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

आता दुसऱ्यांच्या गावांतून आपल्या घरी येऊ. येथे वक्त्याचा धीर थोडा कमी होतो, कारण घर दामाशेटींचे आहे.

या घरात किती माणसे? दामाशेटी, गोणाई, नामदेव, राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे पुत्र, लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या सुना, आऊबाई ही बहीण आणि लिंबाई ही लेक. आणि गंगाखेडहून लहानपणी आलेली जनी. जनीला धरून पंधरा. पंधरा माणसांचे दळण, पाणी, शेणसारवण, धुणे जनीच्या वाट्यास होते. जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर जात्यावर बसतो, शेण गोळा करतो, डोके विंचरतो. या चित्राचे आपण किती कौतुक करतो! पण भगिनींनो, तुम्ही तरी सांगा, ज्या घरात चौदा माणसे होती त्या घरात दळू लागावयास देवाला का यावे लागले? पहाटे एखादी सून उठली असती तर पांडुरंगास वैकुंठ सोडण्याचे कारण पडले नसते. हे मी विनोदाने म्हणत नाही. देवाचा चमत्कार जेथे जेथे आहे, तेथे तेथे शेजारचा माणूस झोपलेला आहे, असे गाथेत मला दिसत आले आहे.

आणि राजाई? तिच्या नावचे अभंग गाथेत आहेत. घरात धान्य नाही, अंगावर धड वस्त्र नाही, मुले उपाशी, आणि धनी देवळात टाळ कुटीत आहेत, हे गाऱ्हाणे ती रखुमाईपाशी नेते. गोणाई तर विठ्ठलाशीच भांडते, माझा मुलगा मला परत दे म्हणून. भक्तांनी या अभंगांना मायेचे बोलणे, संसारी जिवाची तक्रार म्हणून बाजूस ठेविले. मला मात्र असे वाटते की गाथेतील सर्वांत प्रामाणिक प्रश्न येथे आहे. मंगळवेढ्याचा वतनदार आपल्या भयाचे ओझे दुसऱ्यावर टाकतो. मग आपल्या भक्तीचे ओझे बायकोवर टाकणारा, त्याला काय म्हणावे? नामदेव स्वार्थी होते असे म्हणण्याचे पाप मी करणार नाही. त्यांनी मिळविले ते साऱ्यांना वाटले, आपल्यापुरते काहीच ठेविले नाही. परंतु त्याचा खर्च राजाईच्या चुलीतून झाला, हेही तितकेच खरे. आणि तो जमाखर्च त्याच गाथेत लिहिलेला आहे.

परिसा भागवताची कथा याच्याच शेजारी ठेवून वाचावी. पंढरपूरच्या या ब्राह्मण भक्ताजवळ परीस होता. त्याच्या पत्नीने, कमळजेने, राजाईचे दैन्य पाहून तो तिला थोडा वेळ वापरावयास दिला. राजाईने लोखंडाचे सोने केले आणि घरात प्रथमच पोटभर स्वयंपाक झाला. नामदेवांनी ते जाणले आणि परीस चंद्रभागेत टाकून दिला. परिसा भागवत धावत आला. तेव्हा नामदेवांनी नदीतून ओंजळभर खडे काढून दिले, ते सारेच परीस निघाले. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’मुळे ही कथा घरोघर गेली. कीर्तनकार येथे परिसाच्या लोभावर टीका करतात. ती योग्यच, हाच परिसा प्रथम नामदेवांना शिंपी म्हणून कमी लेखीत होता, आणि शेवटी त्यांचा शिष्य झाला. पण कमळजेकडे कोणी पाहतो का? नवऱ्यास न विचारता आपल्या घरातील सर्वांत मोलाची वस्तू तिने शेजारणीच्या हाती ठेविली. या साऱ्या कथेत ज्याला औदार्य म्हणावे असे कृत्य तिचे आहे, आणि बोल बसला तो तिलाच.

एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. नामदेव पूर्ववयात वाटमारी करीत होते, अशा आशयाची रचना गाथेच्या काही पोथ्यांत सापडते. उपाशी मुलावर संतापलेली एक स्त्री त्यांना देवळापाशी भेटते. माझा नवरा दरोडेखोरांनी मारलेल्या ८४ स्वारांत होता, आता याला काय घालू, असे ती म्हणते, आणि त्या बोलाने त्यांचे जीवन पालटते. ही हकीकत नामदेवांची नव्हे, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे आणि मीही ती ऐतिहासिक मानीत नाही. आपल्या ज्ञातीत तिच्याविषयी चीड आहे, तीही मी समजू शकतो. मात्र ते पान फाडून टाकावे या मताचा मी नाही. ज्या कोणा नाम्याने ते लिहिले, त्याला लुटीचा परिणाम लुटलेल्या स्वारापाशी दिसला नाही. स्वार कधीच पडला होता. परिणाम त्याला दिसला तो काही दिवसांनी, दुसऱ्या गावी, एका मुलाच्या पोटात. असे पाहणारा कवी, तो आपला नामदेव नसला, तरी आपल्या परंपरेतला खासच आहे.

आपल्या धंद्याविषयी चार शब्द बोलून मी रजा घेतो. तयार कपड्यांनी आपली दुकाने रिकामी केली, हे रडगाणे आपण दरवर्षी गातो, आणि ते खोटे नाही. परंतु शाळेच्या गणवेशाचा मक्ता मिळविणारा जेव्हा आपल्याच ज्ञातीचा असतो, आणि रात्रभर यंत्र चालविणाऱ्या आपल्याच विधवा भगिनीस नगामागे जे देतो ते सांगावयास लाजतो, तेव्हा त्या रात्री तिच्या घरी शिवू लागावयास कोण येते? पांडुरंग येत असल्यास मला ठाऊक नाही. संघाच्या वसतिगृहनिधीला ज्यांनी विद्यार्थी असताना हात लावला, त्यांतील किती जण पुण्यामुंबईस स्थिरावल्यावर वर्गणीच्या पत्रास उत्तर देतात, हे खजिनदारांनी सांगावे. मी त्यांना संकटात घालू इच्छीत नाही.

माझी कार्यकारी मंडळास एकच विनंती आहे. आषाढ वद्य एकादशीस, परतवारीला, येथे नरसीस जी गर्दी लोटते, त्या दिवसांत एक संध्याकाळ आपल्याकडे मागून घ्यावी. त्या संध्याकाळी व्याख्यान नको, सत्कार नको. जनाबाईंचे जात्यावरचे अभंग, राजाई आणि गोणाईची गाऱ्हाणी, सोयराबाई व निर्मळेची रचना, आणि कर्ममेळ्याने देवास घातलेला वाद, इतकेच वाचावे. आणि ऐकावयास ज्ञातीबाहेरच्या, विशेषतः चोखोबांच्या समाजातील मंडळींस, आग्रहाने बोलवावे व पुढच्या रांगेत बसवावे. दीड तासात आटोपेल. निवडलेल्या अभंगांची यादी करून मी ती चिटणीसांच्या स्वाधीन केली आहे. राजाईचे अभंग कोणी वाचावयाचे, ते भगिनींनी आपसांत ठरवावे. जनीचे मात्र, माझे ऐकाल तर, एखाद्या पुरुषाने वाचावेत.